साताऱ्या-सांगलीकडच्या घरात पिल्लू वाढवताना

पिल्लू विकणारा "तीस दिवसांचं झालंय, न्या बिनधास्त" म्हणाला तर नेऊ नका. आठ आठवडे, म्हणजे 56 दिवस, पिल्लानं आईजवळ आणि भावंडांत काढले पाहिजेत. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत भावंडांच्या कुस्तीत ते एक गोष्ट शिकतं: जोरात चावलं की समोरचं कळवळतं आणि खेळ मोडतो. हा धडा चुकलेलं पिल्लू पुढे घरातल्या पोरांचे हातपाय फोडतं आणि "जातच रागीट" असा शिक्का त्याच्यावर बसतो. जातीचा त्यात फारसा हात नसतो. विकणाऱ्याला महिनाभराचं खाणं वाचवायचं असतं, एवढंच.

जात ठरवताना आधी हवेकडे बघा. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग गार करतं. म्हणून चपट्या नाकाचा पग काय आणि दुहेरी केसांचा हस्की काय, दोघांनाही इथला उन्हाळा सोसत नाही. एसी लावून हस्की पाळणारे आहेत, पण दुपारी लाइट गेल्यावर काय, याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं. गावठी पिल्लू या हवेला उत्तम. आखूड केस, काटक अंग, आणि शिकायला चलाख. दख्खनच्या माळावरची कारवान देखणी खरी, पण ती नजरेनं शिकार करणारी जात. ससा किंवा शेळी पळताना दिसली की तुमची हाक तिच्या कानापर्यंत पोचतच नाही. रोज मोकळं पळायला कुंपण घातलेली जागा असेल तरच आणा. तिच्या बरगड्या थोड्या दिसतात, त्या दिसायच्याच असतात. "वाळलंय" म्हणून खाऊ घालत बसू नका.

पहिल्या रात्री

पिल्लू रडणारच. आईची ऊब काल रात्रीपर्यंत होती, आज नाही. "एकदा लाड केले की सवय लागेल" म्हणून त्याला अंगणात बांधून दार लावणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. भीतीनं ओरडणारं पिल्लू एकटं राहायला शिकत नाही, एकटेपणाला घाबरायला शिकतं. पहिले आठ-दहा दिवस त्याची गोधडी तुमच्या अंथरुणाशेजारी असू द्या, मग रोज हातभर लांब सरकवत नेमलेल्या कोपऱ्यात न्या. दिवसातून दोन-तीनदा पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जा आणि काही न बोलता परत या. ही पाच मिनिटं हळूहळू तासावर गेली की नोकरीवर जाताना घर डोक्यावर घेणार नाही.

पिल्लू दिवसाला अठरा-वीस तास झोपतं. शेजारपाजारची मुलं बघायला येतात, उचलून फिरवतात, झोपेतून उठवतात. झोप पुरी न झालेलं पिल्लू संध्याकाळी पिसाळल्यासारखं धावतं आणि चावतं. गोधडीवर असताना कुणी हात लावायचा नाही, हा नियम मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

शी-शू

पिल्लाला किती वेळ थांबता येतं याचा ढोबळ हिशोब असा: वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास. दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास. जागं असताना आणि खेळात असताना तेवढंही नाही, तासाभरातच बाहेर न्यावं लागतं. ठरलेल्या वेळा चार: झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर दहा ते वीस मिनिटांनी, खेळ संपल्यावर आणि रात्री झोपण्याआधी. शिवाय मध्यरात्री एकदा, पहाटे एकदा. जमिनीचा वास घेत गोल गोल फिरायला लागलं की तुमच्या हातात दहा सेकंद असतात.

उचलून न्या, चालवत नको, वाटेतच होईल. रोज तीच जागा. तिथं नेऊन गप्प उभं राहा. सुरू झालं की एकच शब्द हळू म्हणा, "शू" म्हटलंत तरी चालेल. संपल्यावर दोन सेकंदांच्या आत, तिथंच, खाऊ द्या. बरेच जण घरात परत आल्यावर देतात. मग पिल्लाला वाटतं की बक्षीस उंबरा ओलांडण्याचं आहे. दुसरी नेहमीची चूक म्हणजे काम उरकताच लगेच आत आणणं. पिल्लू शहाणं असतं; शू केली की मजा संपते हे त्याच्या लक्षात येतं आणि ते ताटकळत ठेवायला लागतं. नंतर पाच मिनिटं तिथंच हुंदडू द्या.

घरात झालीच तर नाक घासू नका, चापट मारू नका. त्याला "घरात करायची नाही" हे कळत नाही, "या माणसासमोर करायची नाही" एवढंच कळतं. मग ते सोफ्यामागे जाऊन उरकतं. जागा पुसायला अर्धं पाणी आणि अर्धा पांढरा व्हिनेगर वापरा. फिनेलचा वास आपल्याला स्वच्छ वाटतो, कुत्र्याच्या नाकाला त्याखालचा मुताचा वास तसाच येत राहतो, आणि फिनेल चाटण्यात आलं तर पोटाला वाईट. पेपरवर सवय लावायचा मोहही टाळा, नाहीतर आजोबांचा न वाचलेला पेपर आणि त्याचा पेपर यांत फरक त्यानं कसा ओळखायचा?

नेम चुकवला नाही तर चार ते सहा महिन्यांपर्यंत बहुतेक पिल्लं पक्की होतात. पक्कं झालेलं कुत्रं अचानक घरात लघवी करायला लागलं तर रागावण्याआधी लघवी तपासून घ्या, संसर्ग असू शकतो.

चावणं

खेळताना दात लागला की "आई गं" असं म्हणून हात सैल सोडा आणि उठून पाठ फिरवा. वीस-तीस सेकंद बोलणं नाही, बघणं नाही. मग पुन्हा खेळ. हात झटकून मागे ओढला तर पिल्लाला ती शिकारच वाटते, ते आणखी जोरात धरतं. तोंड आवळून धरणं, जमिनीवर दाबणं हे उपाय कुणी सुचवले तर सोडून द्या. त्यातून हात दिसला की दचकणारं कुत्रं तयार होतं. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडून 42 पक्के दात येतात, हिरड्या शिवशिवतात. ओलं फडकं पिळून फ्रीझरमध्ये कडक करून द्या, नाहीतर गार गाजर. जुनी चप्पल मात्र देऊ नका. जुनी कुठली आणि परवा घेतलेली कोल्हापुरी कुठली, हे त्याला कोण सांगणार.

शब्द शिकवताना

पहिलं काम कुत्र्याचं नाही, घरच्यांचं आहे. आजी म्हणते "खाली बैस", मुलगा म्हणतो "सिट", वडील नुसतं "ए!" म्हणतात, आणि मग कुत्रं ऐकत नाही अशी तक्रार. कागदावर पाच शब्द लिहून फ्रीजला चिकटवा: बस, ये, थांब, सोड, जागेवर. घरातल्या सगळ्यांनी तेच वापरायचे. मराठी, इंग्रजी काहीही चालेल, पण एकच. शब्द एकदाच उच्चारायचा. "बस, बस, अरे बस ना" असं पाच वेळा म्हटलं तर कुत्र्याच्या लेखी हुकूम "बसबसअरेबसना" असा असतो आणि ते पाचव्यांदापर्यंत थांबायला शिकतं.

खाऊ म्हणून उकडलेलं बिनहाडाचं चिकन, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करून. शाकाहारी घरात पनीर तेवढ्याच आकाराचं. मोठा तुकडा दिला की चावण्यात वेळ जातो, धडा तुटतो आणि पोट भरतं. एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, जेवणाआधी. भुकेलं कुत्रं चांगला विद्यार्थी असतं.

"बस" असं शिकवा. पिल्लू उभं आहे. तुकडा चिमटीत धरून त्याच्या नाकाला जवळजवळ टेकवा. आता हात हळू वर आणि मागे, दोन्ही कानांच्या मधून शेपटीच्या दिशेनं न्या. नाक वर गेलं की ढुंगण आपोआप खाली येतं. टेकलं त्या क्षणी "शाब्बास" आणि तुकडा. उडी मारत असेल तर हात फार उंच आहे; मागे सरकत असेल तर पाठीशी भिंत येईल अशा ठिकाणी करा. पाठीवर दाबून बसवू नका, पिल्लाचे कंबरेचे सांधे कोवळे असतात आणि दाबलं की ते उलट जोर लावतं. आठ-दहा वेळा जमलं की रिकाम्या हातानं तीच खूण करा आणि खाऊ दुसऱ्या हातातून द्या. खूण पक्की झाल्यावरच शब्द जोडा: आधी "बस", मग खूण. चार-पाच दिवसांत नुसत्या शब्दावर बसेल. स्वयंपाकघरात बसणारं कुत्रं फाटकाबाहेर बसत नाही तेव्हा ते माजलेलं नसतं. त्याच्यासाठी ती नवी जागा आहे, तिथं पुन्हा पहिल्यापासून पाच-सहा वेळा करून घ्यावं लागतं.

"ये" हा शब्द जीव वाचवणारा, आणि घरोघरी तोच नासवलेला असतो. हाक मारायची आणि आल्यावर आंघोळ घालायची, औषध पाजायचं किंवा बांधून ठेवायचं. चार वेळा असं झालं की कुठलंही शहाणं कुत्रं येणार नाही. नावडत्या कामासाठी स्वतः उठून त्याच्याकडे जा. "ये" म्हटल्यावर आलं की दर वेळी काहीतरी चांगलं मिळालंच पाहिजे, उशिरा आलं तरी. सराव घरात दोन पावलांपासून सुरू करा. मोकळ्या जागेत नेताना हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, दहा मीटरची दोरी बांधा. पळून गेलं तर मागे धावू नका, उलट्या दिशेला पळा, ते पाठलाग करत येतं.

"सोड" हिसकावून शिकवता येत नाही. रविवारी मटणाचं हाड तोंडात घेऊन टेबलाखाली गेलेल्या कुत्र्याचा जबडा उघडायला गेलात तर दोनच गोष्टी होतात: ते गिळतं किंवा गुरगुरतं. आधी साध्या खेळण्यावर सराव करा. खेळणं तोंडात असताना नाकाशी चिकन धरा, तोंड उघडलं की चिकन द्या, आणि लगेच खेळणंही परत द्या. हे परत देणं महत्त्वाचं. सोडलं तरी आपलं काही जात नाही, अशी खात्री पटलेलं कुत्रं पुढे हाडही सोडतं. गुरगुरण्यावर मारू नका. ती सूचना आहे. ती बंद पाडलीत तर पुढच्या वेळी सूचना न देता चावेल.

"थांब"मध्ये घाई नडते. पहिल्या दिवशी एक सेकंद, मग तीन, मग पाच. आधी वेळ वाढवा, तुम्ही जागचे हलू नका. वीस सेकंद जमल्यावर एक पाऊल मागे. फाटक उघडताना याचा रोज उपयोग होतो.

फिरायला नेताना ओढत असेल तर पट्टा ताणला की तुम्ही खांबासारखे उभे राहा. ढिला पडला की चाला. पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत पोचायला पंधरा मिनिटं लागतील, लागू द्या. ओढून पुढे जाता येतं हे त्याला आजवर तुम्हीच शिकवलंय. गळ्याला आवळणारी साखळी नको, छातीवरचा हार्नेस घ्या. अजिंक्यताऱ्यावर किंवा यवतेश्वरच्या चढावर पहाटे नेणार असाल तर वर्षाचं होईपर्यंत लांबची चढण टाळा, हाडं अजून पक्की व्हायची असतात.

दूध-चपाती

आपल्याकडे कुत्र्याचं जेवण म्हणजे दूध-चपाती, नाहीतर दूध-भाकरी. पोट भरतं, पण मांसपेशी आणि केस ज्यावर वाढतात ती प्रथिनं त्यात फार कमी. केस राठ होतात, झडतात, पोट सुटतं आणि पाठीचा कणा मात्र हाताला लागतो. दूध पुष्कळ कुत्र्यांना पचत नाही, शी पातळ होते, मग जंताचं औषध दिलं जातं आणि तक्रार तशीच राहते. शाळूची भाकरी वाईट नाही, पण ती सोबतीला, मुख्य जेवण म्हणून नाही.

वाढत्या पिल्लाला शक्यतो पिल्लांसाठीचं तयार खाणं द्या, कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोनदा. पाकिटावर वजनाप्रमाणे ग्रॅम लिहिलेले असतात, ते किचनच्या काट्यावर मोजा. त्याच्या जोडीला कॅल्शियमचं सिरप नको. लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातीच्या पिल्लांत जादा कॅल्शियमनं हाडं वाकडी होतात, आणि लोक पाय वाकलेले बघून सिरप आणखी वाढवतात.

मोठ्या कुत्र्याला घरचं घालायचं तर दहा किलोच्या, बेताचं फिरणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण 600 किलोकॅलरी लागतात. म्हणजे बिनहाडाचं चिकन 200 ग्रॅम, शिजलेला भात 200 ग्रॅम, दुधी-भोपळा-गाजर 50 ग्रॅम, चमचाभर तेल. मीठ-मसाला नाही. हे दोन वेळांत वाटून. यात कॅल्शियम आणि काही जीवनसत्त्वं कमीच पडतात, त्याची पुरवणी वजन सांगून डॉक्टरांकडून ठरवून घ्या. जेवण बरोबर आहे का ते काट्यापेक्षा हातानं कळतं: छातीवरून हात फिरवला की बरगड्या मोजता आल्या पाहिजेत, पण लांबून ठळक दिसू नयेत.

आता विषारी गोष्टी. तासगाव-मिरज भागात घरोघरी डबा भरून असतो तो बेदाणा कुत्र्याला विष आहे. द्राक्षंही. किती खाल्ल्यावर त्रास होईल याचा भरवसा नाही. एखाद्याला मूठभर पचतात, एखाद्याची मोजक्या दाण्यांनी किडनी बंद पडते. त्यातलं टार्टारिक आम्ल याला कारण असल्याचं आता मानलं जातं, आणि ते चिंचेतही भरपूर असतं, म्हणून चिंच-गुळाची आमटीही नको. बेदाणे खाल्ल्याचं कळलं तर उलटीची वाट बघू नका. पहिल्या दोन तासांत डॉक्टर उलटी करवून पोट रिकामं करू शकतात. उलट्या, मग एक ते तीन दिवसांत लघवी कमी होणं, ही उशिराची लक्षणं. द्राक्षबाग किंवा बेदाण्याचं शेड असेल तर खाली सांडलेले दाणे झाडल्याशिवाय कुत्रं सोडू नका.

कांदा-लसूण कच्चा असो वा रश्शात शिजलेला, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. दहा किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅम कांदा एका वेळी गेला तरी धोका असतो, आणि रोजच्या उरलेल्या रश्शातून थोडा थोडा जातो तोही साठत जातो. तीन ते पाच दिवसांनी हिरड्या पांढऱ्या, लघवी तांबूस. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडांचे उभे चिरे निघतात आणि आतडं फाडतात. चॉकलेट आणि बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल, दोन्ही बंद. कंदी पेढ्यानं लगेच काही होत नाही, पण रोजचा एक पेढा म्हणजे वर्षभरात लठ्ठ कुत्रं. माणसांच्या पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या कधीच नाहीत.

लस, जंत, गोचीड

पार्व्हो, डिस्टेंपर आणि लेप्टो या जीवघेण्या आजारांवरच्या लसीचा एकत्र डोस सहा ते आठ आठवड्यांत सुरू होतो आणि दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांचं होईपर्यंत द्यावा लागतो. "दोन झाले, पुरे" म्हणू नका. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लस निकामी करू शकते आणि ती कधी संपते ते बाहेरून कळत नाही, म्हणून शेवटचा डोस सगळ्यात महत्त्वाचा. रेबीजची लस तीन महिन्यांनी, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि दर वर्षी. लस फ्रीजमधून किंवा बर्फाच्या डब्यातून काढली का ते बघा आणि बाटलीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या. आजार साधा वाटत नसेल तर सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लू रस्त्यावर, भटक्या कुत्र्यांच्या वावराच्या जागी टेकवू नका. पण घरात कोंडूनही ठेवू नका. साधारण चौदा आठवड्यांपर्यंत जे न घाबरता बघितलं त्याला कुत्रं पुढे सहसा घाबरत नाही. कडेवर घेऊन एसटी स्टँड, बाजार, ट्रॅक्टर-ट्रॉली, हेल्मेटवाला, इरलं घेतलेला माणूस, डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली बाई, सगळं लांबून दाखवा आणि खाऊ देत राहा.

घरात आधीचं पिल्लू पार्व्होनं गेलं असेल तर विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, दहा मिनिटं फरशीवर ठेवून धुवा. गोधडी, भांडी टाकून द्या.

जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा, पुढे दर तीन महिन्यांनी, आणि दर वेळी वजन करून.

गोचीड इथं बारा महिने. कानाच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात, काखेत रोज बोटं फिरवा. सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा आणि स्पिरिटमध्ये टाका. रॉकेल लावू नका, नखांवर चिरडू नका. म्हशीच्या अंगावर मारायचं औषध अंदाजानं पाण्यात कालवून कुत्र्याला चोळणं वस्तीवर सर्रास चालतं. कुत्रं ते चाटतं, लाळ गळते, थरथरतं, मरतंही. महिन्याची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध वजनाप्रमाणे घ्या. भिंतीच्या भेगा बुजवा, कारण कुत्र्याची गोचीड अंडी भिंतीत घालते. ताप, खाणं बंद, हिरड्या फिक्या, नाकातून रक्त: हा गोचीडताप, त्याच दिवशी रक्त तपासा. नाक गरम म्हणजे ताप, हे खरं नाही. थर्मामीटर गुदद्वारात, 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं तापमान.

कुणाला कुत्रं चावलं, अगदी पिल्लू असलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. चुना, मिरची, हळद काही भरू नका.

ऊन, पूर, बिबट्या, डॉल्बी

डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याला त्यावर चालवू नका. मे महिन्यात याचा अर्थ सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर. ऊन लागलं, जीभ लालभडक झाली, तोल जायला लागला तर आधी सावलीत साधं पाणी अंगभर, पोटावर, मांड्यांत ओता आणि पंखा लावा. मगच गाडीत घाला. ओला टॉवेल अंगावर लपेटून ठेवू नका, त्यात उष्णता कोंडते. ताप 103 वर आला की पाणी थांबवा.

सांगलीत आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट धोका पातळी. नदीकाठच्या वस्तीत कुत्रं असेल तर हलायचं इशाऱ्याच्या आकड्यावर, धोक्याच्या नाही. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर हे वेगळं सांगायला नको. पिशवीत लसीचं कार्ड, पट्टा, पाच दिवसांचं खाणं आणि तुमच्यासोबतचा त्याचा फोटो. कुत्रं नेताच येत नसेल तर निदान सोडून जा, बांधून ठेवून जाऊ नका. ओसरलेल्या पाण्यात उंदराच्या मुताचा लेप्टो असतो, आणि तो माणसांनाही होतो. चिखलात खेळू देऊ नका.

कराड, पाटण, शिराळ्याकडे उसाच्या फडात बिबट्या असतो आणि कुत्रं त्याचं सोपं खाद्य. रात्री अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं पळूही शकत नाही. धनगरांची कुत्री गळ्यात काटेरी पट्टा घालतात ते याचसाठी, पण त्यांच्याभोवती माणसं आणि कळप असतो. तुम्ही आत घ्या. एरवीही दिवसभर आखूड साखळीला ठेवणं आणि बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि बांधून राहिलेलं कुत्रंच पाहुण्यावर धावून जातं.

गणपतीच्या मिरवणुकीची आणि दिवाळीची तयारी जूनमध्ये सुरू करा. मोबाइलवर फटाक्यांचा आणि ढोलाचा आवाज अगदी बारीक लावा, त्याच वेळी जेवण द्या. कान टवकारून पुन्हा खायला लागलं तर चार दिवसांनी आवाज किंचित वाढवा. खाणं सोडलं तर तुम्ही घाई केलीत, एक पायरी मागे या. मिरवणुकीच्या दिवशी दुपारीच फिरवून आणा आणि घराच्या मधल्या खोलीत खिडक्या लावून, पंखा आणि टीव्ही चालू ठेवून बसवा. पलंगाखाली शिरलं तर ओढून काढू नका. जवळ आलं तर पाठीवर हात ठेवा, लाडावेल म्हणून झिडकारू नका. तरी थरकाप होत असेल तर डॉक्टर गोळी देतात. ती पहिल्यांदा विसर्जनाच्या संध्याकाळी देऊ नका. आठवडाभर आधी एखाद्या शांत दिवशी देऊन किती वेळात झोप येते आणि किती वेळ टिकते ते कागदावर लिहून ठेवा.